वाचकांचे प्रश्न : लिहायचं ब्राउझरमध्ये की कॉम्प्युटरवरच्या प्रोग्राममध्ये?

प्रश्न : मुलीचे निबंध, प्रकल्प आणि घरातले अर्ज एवढंच काम आहे. नेट मधूनमधून जातं. गूगल डॉक्स पुरेल, की वर्ड विकत घ्यावं?

उत्तर : एवढ्यासाठी पैसे खर्च करू नका. प्रकल्पावर चारजणी मिळून लिहिणार असतील तर डॉक्सच घ्या. प्रत्येकीने आपापली फाइल बनवून ईमेलने फिरवली की 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' सुरू होतं. डॉक्समध्ये एकच फाइल राहते, आणि कुणी चुकून पानभर मजकूर उडवला तर 'फाइल' मेनूतल्या 'व्हर्जन हिस्टरी'तून तो परत आणता येतो.

नेटशिवाय लिहिता येतं, पण त्याची सोय नेट चालू असतानाच करून ठेवावी लागते. क्रोम किंवा एज ब्राउझरमध्ये डॉक्सचं मुख्य पान उघडा, 'सेटिंग्ज'मध्ये 'ऑफलाइन' चालू करा, मग गूगल ड्राइव्हमध्ये (जिथे डॉक्सच्या फाइल्स राहतात) हव्या त्या फाइलवर राइट क्लिक करून ती ऑफलाइनसाठी निवडा. खासगी विंडोत हे चालत नाही, आणि सामायिक कॉम्प्युटरवर चालू करूच नये.

नेट वारंवार जात असेल तर सरळ लिबरऑफिस रायटर टाका. फुकट आहे, वर्डच्या फाइल्स उघडतो आणि नेट फक्त डाउनलोड करताना लागतं. मात्र फाइलची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर ठेवणं तुमच्याकडे. डिस्क गेली तर व्हर्जन हिस्टरी वाचवायला येणार नाही.

प्रश्न : घरी ११ पानांचा प्रकल्प शाळेत उघडला की १३ पानांचा होतो. चित्रंही सरकतात. असं का?

उत्तर : बहुतेक वेळा दोष फॉन्टचा असतो. घरचा फॉन्ट तिथे नसला की प्रोग्राम दुसरा लावतो. देवनागरीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांना फॉन्टागणिक कमी-जास्त जागा दिलेली असते, म्हणून ओळीची उंची बदलते आणि दर पानाच्या शेवटच्या दोन-चार ओळी पुढे ढकलल्या जातात. त्यात नवीन पानासाठी एंटर दाबून रिकाम्या ओळी भरल्या असतील तर पुढचं सगळंच विस्कटतं. तिथे कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबून पान तोडा. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी वापरा; हे डॉक्समध्ये 'मोअर फॉन्ट्स'खाली मिळतात आणि कॉम्प्युटरवर फुकट टाकताही येतात. चित्र 'इन लाइन' ठेवलं की ते मजकुराबरोबरच सरकतं.

रायटरमध्ये आणखी एक गंमत आहे. पॅराग्राफ स्टाइलमध्ये रोमन आणि देवनागरीचा आकार वेगवेगळा ठरतो, त्यामुळे एक १४ केला तरी दुसरा १२ वरच राहू शकतो. दोन्ही तपासा.

शिक्षकांना फाइलमध्ये दुरुस्त्या करायच्या नसतील तर पीडीएफच द्या. त्यात पानं हलत नाहीत.

प्रश्न : जुनी मराठी फाइल डॉक्समध्ये उघडली तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फॉन्ट बदलूनही तेच.

उत्तर : ती कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेली असणार. तिथे फाइलमध्ये खरोखरच रोमन अक्षरं साठवलेली असतात. मराठी फक्त त्या फॉन्टमुळे दिसतं. आधी त्याच फॉन्टसाठीच्या कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवली जातात त्या पद्धतीत, आणा, मग ऱ्हस्व वेलांटी आणि रफार असलेले शब्द डोळ्यांनी तपासा. चुका तिथेच जास्त राहतात.