अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासातलं, आपल्याकडे फारसं माहीत नसलेलं मोठं नाव कोणतं?

माझ्या मते रॉबर्ट स्मॉल्स. मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स ही नावं आपल्या कानावर असतात, स्मॉल्स मात्र मागेच राहिले.

१८३९ साली साउथ कॅरोलायनातल्या ब्यूफर्टमध्ये ते गुलाम म्हणून जन्मले. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या सैन्याच्या 'प्लँटर' या आगबोटीचं सुकाणू त्यांच्या हाती असे. १३ मे १८६२ ला गोरे अधिकारी चार्ल्सटन शहरात रात्रीच्या मुक्कामाला गेलेले. पहाटेच्या अंधारात स्मॉल्सनी बोट काढली, वाटेत बायकामुलांना चढवून घेतलं. डोक्यावर कप्तानाची गवती हॅट आणि किल्ल्यासमोर शिट्टीचा नेमका इशारा! फोर्ट समटर या दक्षिणेच्या किल्ल्याच्या तोफांसमोरून बोट गेली, पहारेकऱ्यांना पत्ताही लागला नाही. पुढे उत्तरेच्या नौदलाला शरणागतीची खूण म्हणून पांढरी चादर दाखवली. तेव्हा वय अवघं २३.

नंतर त्यांनी जुन्या मालकाचंच घर विकत घेतलं. १८७५ मध्ये ते अमेरिकन काँग्रेसचे सदस्य झाले. पण मला त्यांचं १८६८ चं काम जास्त मोलाचं वाटतं. राज्याच्या नव्या घटनेत सगळ्या मुलांसाठी मोफत सरकारी शाळा हव्यात, हा आग्रह त्यांनी धरला. त्याच राज्यात पूर्वी गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं कायद्याने गुन्हा होता.