अभयारण्याच्या कडेची जमीन : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात जमिनीच्या पत्रांचा ढीग आला. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मंडळी जोयडा, कारवार, काणकोणकडे जागा पाहू लागली आहेत आणि नेमक्या त्याच पट्ट्यात राखीव जंगले आहेत. त्यातले चार प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : जोयडा तालुक्यात काळी व्याघ्र प्रकल्पाजवळ दोन एकर पाहिले आहेत. होम स्टे बांधायचा आहे. एजंट म्हणतो, गेट दीड किलोमीटरवर आहे, काही अडचण येणार नाही. संचकार (विसार) देऊ का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : अजून एक रुपयाही देऊ नका. गेटपासूनच्या अंतराला कायद्यात काही अर्थ नाही. मोजायचे ते अधिसूचित हद्दीपासून, आणि ती हद्द गेटपासून लांब, अगदी तुमच्या बांधालाही लागलेली असू शकते. शिवाय गाभा (आतले कडक राखीव जंगल), बफर (त्याभोवतीचा पट्टा) आणि इको-सेन्सिटिव्ह झोन (संरक्षित क्षेत्राच्या हद्दीबाहेरचा, बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा) ही तीन वेगळी कुंपणे आहेत. महसुली गावे आणि खासगी शेती बफरमध्ये किंवा झोनमध्ये असू शकते. तिथे खरेदीखत बिनतक्रार नोंदले जाते आणि बांधकामाचा अर्ज मात्र अडतो. फसगत होते ती इथेच. सब-रजिस्ट्रार दस्त नोंदवतो, तुम्हाला तिथे काय बांधता येईल हे तो पाहत नाही.

झोनच्या बहुतेक अधिसूचनांत संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत, किंवा झोन त्याआधीच संपत असेल तर तिथपर्यंत, नवे व्यावसायिक हॉटेल-रिसॉर्ट चालत नाही. निसर्गपर्यटनासाठी छोट्या, तात्पुरत्या बांधकामाची तेवढी सवलत असते. त्यापुढे पर्यटन आराखड्याप्रमाणे परवानगी मिळते. स्थानिकांना स्वतःच्या राहत्या घरासाठी मुभा असते. बेळगावहून जाऊन जागा घेतलेला माणूस त्या शब्दात बसेलच असे धरू नका. सुप्रीम कोर्टाने एक किलोमीटरचा नियम काढला, असेही तुम्हाला सांगितले जाईल. ३ जून २०२२ चा सरसकट किमान एक किलोमीटरचा झोन ठेवण्याचा आदेश २६ एप्रिल २०२३ ला शिथिल झाला हे खरे, पण ज्या जंगलाचा झोन अधिसूचित आहे तिथे त्या अधिसूचनेतल्या अटी जशाच्या तशा लागू राहतात.

आता कागद. आर.टी.सी. उतारा (कर्नाटकातला सात-बारा) सरकारच्या 'भूमी' संकेतस्थळावरून स्वतः काढा, एजंटाने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. उतारा कन्नडमध्ये असतो. वाचता येत नसेल तर जाणकाराला शेजारी बसवून रकाना ३, ९ आणि ११ शब्दशः वाचून घ्या. रकाना ३ मध्ये एकूण क्षेत्र, खराब 'अ' (लागवडीला निरुपयोगी जागा), खराब 'ब' आणि उरलेले क्षेत्र असते. समजा एकूण २ एकर आहे आणि खराब 'ब' १८ गुंठे. मग तुमच्या हाती येते १ एकर २२ गुंठे. खराब 'ब' म्हणजे ओढा, वाट, सार्वजनिक वापराची जागा. ती विकता येत नाही, पण भाव मात्र पुऱ्या दोन एकरांचा सांगितला जातो. रकाना ९ मध्ये मालकाचे नाव, ११ मध्ये बोजा आणि इतर हक्क. कुठेही 'अरण्य', 'सरकार' किंवा 'बेट्टा' (डोंगर) दिसले तर थांबा. उत्तर कन्नडात सुपारीच्या बागेला सोप्पिन बेट्टा जोडलेला असतो. बागायतदाराला तिथला पालापाचोळा, सोप्पू (हिरवा पाला), जळण घेण्याची सवलत असते, मालकी नसते. तरीही बाग दाखवताना डोंगरापर्यंत बोट करून "हे सगळं आपलंच" म्हणतात.

दिशांक हे कर्नाटक सरकारचे सर्व्हे नंबर दाखवणारे अ‍ॅप मोबाइलवर उघडून जागेच्या चारही कोपऱ्यांवर उभे राहा आणि प्रत्येक ठिकाणी कोणता सर्व्हे नंबर येतो ते लिहून घ्या. हा पुरावा नव्हे, पण दाखवलेली जागा आणि कागदावरची जागा एकच आहे का, हे दहा मिनिटांत समजते. सर्व्हे नंबरचा तुकडा घेत असाल तर ११-ई नकाशा (तुकड्याचा सरकारी मोजणी नकाशा) लागतोच. तो आणि उतारा जोडून वनखात्याच्या डी.सी.एफ. (उपवनसंरक्षक) कचेरीला लेखी विचारा : हा सर्व्हे नंबर गाभा, बफर, झोन, वन कायद्याच्या कलम ४ खालचे (राखीव करण्यासाठी अधिसूचित) वन किंवा मानीव वन (अधिसूचना नसली तरी वन मानलेली जागा) यांपैकी कशात येतो? उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात १० रुपये भरून तोच प्रश्न टाका. मुदत ३० दिवसांची. ई.सी. (जमिनीवरच्या नोंदलेल्या व्यवहारांचा व बोजांचा दाखला) तेरा वर्षांची न घेता तीस वर्षांची घ्या. जमीन कधीकाळी सरकारने अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला मंजूर केलेली असेल तर १९७८ च्या कायद्याने सरकारी परवानगीशिवाय झालेली विक्री रद्द होते आणि जमीन मूळ कुटुंबाकडे जाते, मध्ये कितीही हात बदललेले असोत. म्हणून मूळ मंजुरीचा आदेश आणि जुने फेरफार मागा.

जमीन सुधारणा कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात बिगरशेतकऱ्यालाही शेतजमीन घेता येते. एन.ए. (बिगरशेती) मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडूनच करून घ्यावी लागते. हे सगळे हाती आल्यावरच संचकारपत्र करा आणि त्यात स्पष्ट लिहा : एन.ए. किंवा वनखात्याची संमती नाकारली गेल्यास संचकाराची पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत.

प्रश्न : भीमगड अभयारण्यातल्या गावात चुलत्यांची तीन एकर जमीन आहे. ते विकायला तयार आहेत. घरातच व्यवहार आहे, मग घ्यायला हरकत काय?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : हरकत असू शकते, घरातला व्यवहार असला तरी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम १८ खालची अधिसूचना निघाली की कलम २० प्रमाणे त्या हद्दीतल्या जमिनीत वारसा किंवा मृत्युपत्र सोडून दुसऱ्या कोणत्याही मार्गाने नवा हक्क निर्माण होत नाही. चुलत्यांच्या मुलांना ती वारशाने मिळेल. तुम्ही पैसे देऊन केलेले खरेदीखत मात्र तुम्हाला हक्क देणार नाही.

काही वेळा हद्दीच्या आतली महसुली गावे वगळलेली असतात. म्हणून पहिले काम, अधिसूचनेत तुमचा सर्व्हे नंबर आत आहे की वगळलेला, हे पाहणे. वगळलेला असेल तर कलम २० आड येत नाही, पण वाटेचा विचार करा. चहूबाजूंनी जंगल असले तर रस्ता, वीज, रात्रीची ये-जा सगळे वनखात्याच्या हातात राहते. गाव नकाशावर गाडीवाट दाखवलेली आहे का ते बघा. लोक वर्षानुवर्षे चालत आले म्हणून पायवाटेवरून सिमेंटची गाडी नेता येत नाही. आणि पावसाळ्यात एकदा जाऊन या. मार्चमध्ये कोरडा दिसणारा ओढा जुलैत वाट तोडतो.

प्रश्न : काणकोणात खोतीगाव अभयारण्याजवळ भातशेती मिळते आहे. निपाणीला आमची शेती आहे, म्हणजे आम्ही शेतकरीच.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : गोव्याने २०२३ मध्ये भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला देण्यावर बंदी घालणारा कायदा केला. निपाणीचा उतारा तिथे चालेल असे समजून पैसे गुंतवू नका. काणकोणच्या मामलेदार कचेरीतून लेखी घ्या. दुसरे, गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते. फॉर्म एक व चौदावर (गोव्यातल्या सात-बारावर) एकट्या पुरुषाचे नाव असले तरी दस्तावर पत्नीची सही हवी. वडील-आजोबांच्या नावावर जमीन असेल तर वारसांची इन्व्हेंटरी (वारसा वाटणीची कोर्टातली प्रक्रिया) पूर्ण झाली का ते विचारा. घर बांधायचे तर सनद (बिगरशेती वापराची परवानगी) लागते, आणि सनदीआधी प्रादेशिक आराखड्यात त्या जागेचा रंग कोणता आहे ते पाहा.

प्रश्न : कारवारला खाडीकाठी प्लॉट आहे, कडेला खारफुटी आहे. ती काढून भराव घालता येईल का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : नाही. खारफुटी सी.आर.झेड.च्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) सर्वांत कडक वर्गात येते. सरकारी जमिनीवरची खारफुटी १,००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर तिच्या कडेने आणखी ५० मीटर पट्टाही त्याच वर्गात धरतात. प्लॉट लहान असला तर त्यातच संपून जाईल. भरतीरेषा डोळ्यांनी ठरवायची नसते. अधिकृत संस्थेकडून १:४००० प्रमाणाचा नकाशा करून त्यावर प्लॉट बसवून घ्या, त्याचा खर्च विक्रेत्याने करावा असा आग्रह धरा. तो नको म्हणाला तर हा व्यवहार सोडा.