रिले जोडण्याआधी एवढं कर

चाकणच्या ट्रकवर तुझा पहिलाच जीपीएस ट्रॅकर (गाडी कुठे आहे ते मालकाला कळवणारं डिव्हाइस) बसतोय, तर आठवडाभर फक्त अलर्ट चालू ठेव. आउटपुटला, म्हणजे रिले (विजेवर चालणारा स्विच) चालवणाऱ्या ट्रॅकरच्या वायरीला, हात लावू नकोस.

जिओफेन्स (नकाशावर आखलेली हद्द, जी ओलांडली की अलर्ट जातो) ५० मीटरचा ठेवलास तर पत्र्याच्या शेडखाली लोकेशन सरकतं आणि मालकाला रात्रभर ‘गाडी बाहेर, गाडी आत’ असे मेसेज जातात. मी २०० मीटर आणि अलर्टला ३० सेकंदांचा विलंब ठेवतो.

आउटपुटची वायर बहुतेक डिव्हाइसमध्ये ग्राउंड देते, प्लस नाही. त्यामुळे रिलेच्या कॉइलचं (त्याला चालवणाऱ्या आतल्या वेटोळ्याचं) एक टोक फ्यूजमधून प्लसला, दुसरं आउटपुटला. कॉइलवर उलटा डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) हवाच, नाहीतर रिले सुटताना उसळणारं व्होल्टेज ट्रॅकरच्या आतला ट्रान्झिस्टर जाळतं. ट्रक २४ व्होल्टचा असेल तर रिलेही २४ चाच घे.

आणि हे मनापासून सांगतो, चालू इंजिन बंद करणारं आउटपुट लावूच नकोस. कात्रजच्या उतारावर इंजिन गेलं तर स्टेअरिंग जड होतं. ‘वेग शून्य असेल तरच’ ही अटही पुरत नाही. तिथल्या नव्या बोगद्यात जीपीएसचा सिग्नल गेला की काही डिव्हाइस धावत्या गाडीचाही वेग शून्य दाखवतात. रिले स्टार्टरच्या वायरीत टाक. उभी गाडी सुरू होणार नाही, धावती थांबणार नाही.