लॅब नाही, सायन्सची डिग्री नाही, तरी घरी केमिस्ट्री करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की बीकॉम झालंय, अकाउंट्समध्ये नोकरी आहे, शाळेत केमिस्ट्री फार आवडायची पण पुढे सुटली, आता चौतिसाव्या वर्षी घरीच छंद म्हणून काही करता येईल का, आणि केमिकलं आणायची कुठून. करता येतं हो, नक्की येतं. मी स्वतः बँकेत आहे, बीए मराठी, आणि सात-आठ वर्षं हे करतेय, तेही वन बीएचकेच्या बाल्कनीत.

सगळ्यात आधी एक सांगते. युट्यूबवर रंग बदलणारे, फसफसणारे, पेट घेणारे व्हिडिओ बघून सुरुवात करू नका, ते दोन मिनिटं छान वाटतं आणि मग काहीच उरत नाही, शिवाय त्यातले बरेच घरात करण्यासारखे नसतातच. त्यापेक्षा चार-पाचशे रुपयांत किचनचा डिजिटल वजनकाटा मिळतो, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, तो घ्या आणि एक दोनशे पानी वही. केमिस्ट्रीची खरी मजा वजन करण्यात आहे असं माझं ठाम मत आहे. किती घातलं, किती निघालं, आणि आकडा जुळला नाही तर का नाही जुळला, या एका प्रश्नावर मी महिनाच्या महिना काढलाय.

सुरुवात कशाने करायची तर पीओपीने. प्लास्टर ऑफ पॅरिस, हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळतं. मला हे सुचलं गणपतीमुळे. आमच्या पुण्यात महापालिका आणि एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, यांनी 2016 च्या सुमारास पीओपीची मूर्ती घरीच बादलीत अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विसर्जन करायची पद्धत लोकांपर्यंत आणली, पावडर फुकट वाटायचे. आम्ही पण आणली. मूर्ती दोन दिवसांत विरघळते असं सगळे म्हणत होते, पण बादलीच्या तळाशी पांढरा थर होताच की, मग विरघळली कशी म्हणायची? सासूबाई म्हणाल्या बाप्पावर प्रयोग करायचा नाही, त्यांचं बरोबर होतं, म्हणून मी साध्या पीओपीची वडी पाडून त्यावर करायला लागले, आणि तिथून हा छंद लागला तो लागलाच.

तर वडी अशी करायची. 145 ग्रॅम पीओपी मोजून घ्या, त्यात साधारण 100 मिली पाणी, जुन्या प्लास्टिकच्या डब्याला आतून तेलाचा हात फिरवून त्यात ओता. दहा-पंधरा मिनिटांत डबा बाहेरून चक्क गरम लागतो, ती उष्णता रिॲक्शनची आहे. (घट्ट होत असलेल्या पीओपीत हात किंवा बोट घालून ठेवू नका, मोठ्या गोळ्यात चांगलंच भाजतं.) मग वडी काढून तीन-चार दिवस वाळवा, रोज वजन करा, वजन उतरायचं थांबलं की ती वाळली. आता गंमत बघा, 145 ग्रॅम पावडर घातली होती, पाणी तर सगळं वाळलं, तरी वडी 172 ग्रॅमच्या आसपास भरते. ते वरचे 27 ग्रॅम पाणीच आहे, पण ते आता दगडाचा भाग झालंय, हाताला कोरडं लागतं. पीओपी पाणी घेऊन जिप्सम होतं असं पुस्तकात एका ओळीत असतं, मला ते काट्यावर बघितल्यावर कळलं. वाळवायला ओव्हन वापरू नका, जास्त तापलं की हे धरून ठेवलेलं पाणी पण निघून जातं.

माझी पहिली वडी 166 भरली. तीनदा वजन केलं, सेल बदलून पाहिले, तेच. नंतर लक्षात आलं की पीओपीची पिशवी पावसाळाभर उघडी पडली होती, त्या पावडरने हवेतली ओल आधीच पिऊन ठेवली होती, म्हणून डब्यात तिने कमी पाणी धरून ठेवलं. नवीन पिशवी आणली तर 170. इतका आनंद झाला होता मला त्या चार ग्रॅमचा!

पुढचा भाग बादलीचा. अमोनियम बायकार्बोनेट बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात 'बेकरी अमोनिया' म्हणून मागा, बिस्किटं फुगवायला वापरतात. हिशोब असा आहे की 172 ग्रॅम जिप्समला 158 ग्रॅम बायकार्बोनेट लागतं, मी थोडं जास्त, 180-190 घेते, आणि दीड-दोन लिटर पाणी. यातून खडू तयार होतो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, 100 ग्रॅम, तो खाली बसतो, आणि 132 ग्रॅम अमोनियम सल्फेट, ते पाण्यात राहतं, शेतकरी खत म्हणून टाकतात तेच. शिवाय कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येत राहतात. म्हणजे मूर्ती 'विरघळते' हे अर्धंच खरं, तिचा एक भाग खत होऊन पाण्यात जातो आणि एक भाग खडू होऊन खाली बसतो.

दोन दिवसांनी ते पंच्यातून गाळा, श्रीखंडाचा चक्का टांगतो ना तसं, दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा, वाळवा आणि वजन करा. 170 च्या वडीतून मला साधारण 99 ग्रॅम खडू यायला हवा होता. आला 131. इथे मी जवळजवळ सोडून देणार होते. पण मग चिमूटभर पावडर स्टीलच्या वाटीत घेऊन वर भरपूर पांढरं व्हिनेगर ओतलं. खडू व्हिनेगरमध्ये फसफसून विरघळतो, जिप्सम फसफसत नाही. जोरात फेस आला, बसला, आणि पाच मिनिटांनी बघते तर वाटीच्या तळाशी पांढरी रेघ तशीच. म्हणजे जिप्सम शिल्लक होतं. आकड्यावरून मागे हिशोब केला तर 75 ग्रॅमच्या आसपास वडी तशीच राहिली होती. कारण मी वडी अख्खी टाकली होती आणि ढवळलंच नव्हतं, बाहेरून खडूचं कवच धरलं आणि आतपर्यंत पाणी पोचलं नाही. पुढच्या वेळी वडी खलबत्त्यात फोडून टाकली, जागी असेपर्यंत दर दोन-तीन तासांनी लाकडी काठीने ढवळलं, 103 आलं. मूर्तीच्या बादलीत सुद्धा अधूनमधून ढवळायला सांगतात ते यासाठीच, आणि आपल्याकडे बरेच जण ते करत नाहीत मग म्हणतात पावडर चालत नाही.

या बेकरी अमोनियाचं अजून एक करून बघा. जुना ब्लॉटिंग पेपर किंवा फिल्टर पेपर हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा, मग एक पट्टी ओली करून उघड्या पिशवीच्या तोंडावर धरा. आत बुडवायची नाही, नुसती वर धरायची. पिवळी पट्टी लालसर तपकिरी होते, कारण पिशवीतून अमोनिया वायू येतच असतो. आणि पट्टी वाऱ्यावर वाळली की पुन्हा पिवळी. हळदीचा डाग साबणाने लाल होतो तेच हे. कुंकू सुद्धा पूर्वी हळदीपासूनच करायचे, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. आणि ही पावडर वाटीत उघडी ठेवली तर हळूहळू उडून जाते, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होऊन, शेवटी वाटीत डाग पण राहत नाही. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड जागी ठेवा आणि वजन ऐनवेळी करा.

आता धोक्याचं, कारण तुम्ही विचारलंय. माझ्या दोन चुका सांगते. एकदा पावसामुळे बादली बाल्कनीतून उचलून बाथरूममध्ये ठेवली आणि दार लावून झोपलो, सकाळी सासूबाई आत गेल्या आणि डोळ्यांतून पाणी, खोकला, चांगलाच त्रास झाला त्यांना, माझी चूक होती, त्यानंतर बादली उघड्यावरच आणि वर मोकळी हवा. दुसरी चूक म्हणजे गाळलेलं पाणी खत आहे म्हणून तसंच जास्वंदीला घातलं, आठ दिवसांत पानं कडेने जळाली. हिशोब केला असता तर कळलं असतं, त्या दोन लिटरमध्ये 130 ग्रॅम खत होतं. आता पन्नासपट पाणी घालून मगच झाडांना. मूर्तीचं पाणी असेल तर रंगामुळे भाजी, तुळस, कढीपत्ता यांना अजिबात नको.

बाकी नियम थोडेच आहेत पण ते मोडायचे नाहीत. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र आणायचं नाही, एकात हायड्रोक्लोरिक ॲसिड, दुसऱ्यात हायपोक्लोराइट, मिळून क्लोरीन वायू होतो, बंद संडासात तो जीव घेऊ शकतो. गॅस निघणारी कुठलीही गोष्ट झाकण लावून बाटलीत भरायची नाही. भांडी वेगळी, त्यावर ऑइलपेंटने खूण, ती परत स्वयंपाकघरात जात नाहीत. चष्मा असला तरी वरून गॉगल. ॲसिडच्या मागे लागू नका, 2013 च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर ते ओळखपत्राशिवाय मिळत नाही आणि तुम्हाला पहिली दोन-तीन वर्षं त्याची गरज पण नाही.

लोक काय म्हणतील असं पण लिहिलंय तुम्ही. रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र रे यांनी 1892 मध्ये बंगाल केमिकल्स हा औषधं-रसायनांचा कारखाना सुरू केला तो कलकत्त्यात राहत्या घरात, फॉस्फेटसाठी गच्चीवर जनावरांची हाडं वाळत घातली होती. तुमची पीओपीची वडी बाल्कनीत वाळत असेल तर कोणी काही म्हणणार नाही, आणि म्हणालंच तर हातात द्या आणि 27 ग्रॅमचं सांगा, माझ्याकडे तर शेजारच्या काकू आता स्वतःहून विचारतात आज किती भरलं म्हणून.

या शनिवारीच वडी पाडा. किती भरली ते मला इथेच कळवा, आणि पिशवी नवी होती की उघडी पडलेली तेही लिहा.