बासरी थोडीफार येते. शिक्षक नसताना आयरिश टिन व्हिसल आणि बौरान शिकता येईल का?

येईल. फक्त दोन्ही एकदम हातात घेऊ नका. आधी निदान सहा महिने व्हिसल (उभी धरून फुंकायची सहा भोकांची नळी), मग बौरान (काडीने वाजवायचा डफ). (bodhrán या स्पेलिंगमध्ये 'डी-एच' दिसतं, ते उच्चारायचं नाही.) धुना पाठ नसलेला बौरानवाला नुसता ठेका बडवत बसतो आणि सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात.

व्हिसल 'डी' या पाश्चात्त्य सुरातलीच घ्या, कारण बहुतेक धुना डी आणि जी मध्ये असतात. पितळी नळी आणि प्लॅस्टिकचं तोंड असलेली साधी व्हिसल पुरते. तोंड घट्ट बसलेलं असेल तर तेवढाच भाग मिनिटभर गरम पाण्यात धरा आणि हलक्या हाताने फिरवा. गोंद सुटला की ते थोडं बाहेर ओढून सूर उतरवता येतो.

बासरीवाल्याचा पहिला गोंधळ बोटांचा होतो. बासरीवर वरची तीन भोकं बंद म्हणजे सा, सहाही बंद म्हणजे खालचा प. व्हिसलवर तीन बंद म्हणजे जी, सहा बंद म्हणजे डी. त्यामुळे जी मधल्या धुनेत बोटं सवयीच्या जागीच पडतात. वेगळा आहे तो शुद्ध मध्यम, म्हणजे सी. बासरीवर आपण त्यासाठी अर्धं भोक उघडतो. इथे पहिलं उघडं, दुसरं-तिसरं बंद आणि खालची तिन्ही उघडी. वेगात अर्धं भोक साधत नाही. डी मधल्या धुनेत मात्र सहा बंद हाच सा मानावा लागतो, आणि बोटांना ते पचायला काही आठवडे जातात.

ओठांचा कोन वगैरे इथे काही नाही. वरचं सप्तक फक्त फुंकेच्या जोरावर निघतं. खालचा डी किंचाळला तर बहुधा दोन कारणं: फुंक जास्त, नाहीतर एखाद्या बोटाखालून, बरेचदा उजव्या हाताच्या अनामिकेखालून, हवा गळतेय. वरून एकेक बोट ठेवत खाली या, कुठे बिघडतं ते लगेच कळेल. वाजता वाजता आवाज घोगरा झाला तर आत वाफेचं पाणी साचलंय. तोंडावरची खिडकी (वरचं चौकोनी छिद्र) बोटाने झाका आणि एकदा जोरात फुंका.

खरी मेहनत अलंकारांवर आहे. 'कट' म्हणजे वरचं एक बोट क्षणभर उचलणं, 'टॅप' म्हणजे खालच्या उघड्या भोकावर बोट आपटून लगेच काढणं. जी वर 'रोल' घ्यायचा तर जी, कट, जी, टॅप, जी. हे सगळं तीन छोट्या स्वरांच्या वेळेत. आपल्याकडचा कान कटला कणस्वर समजतो आणि वरचा सूर स्पष्ट ऐकवतो. तसं नको. कटचा सूर कळताच कामा नये, फक्त टिचकी ऐकू यावी. मींड तर जवळजवळ विसराच. महिनाभर रोज दहा मिनिटं एकाच सुरावर कट करा, मेट्रोनोम (लय मोजून देणारं यंत्र) ६० वर ठेवून.

श्वासासाठी लय थांबवायची नाही. एखादा छोटा स्वर सरळ गाळायचा किंवा लांब स्वर अर्ध्यावर सोडायचा, आणि ती जागा आधीच ठरवून ठेवायची. धून साधारण ३२ मात्राखंडांची (बारची) असते: आठ-आठचे दोन भाग, प्रत्येक दोनदा. ती कानानेच उचला. मेरी बर्गिन यांचं १९७९ चं व्हिसलवादन ०.७५ वेगाने ऐकत एकेक ओळ आधी गा, मगच फुंका. नोटेशन फक्त अडलं तर बघायचं, कारण त्यात जिगचा (आयरिश नाचाच्या एका चालीचा) झोका उतरत नाही. जिगमध्ये तीन-तीनचे गट असतात, पण तिन्ही स्वर सारखे नसतात. पहिला किंचित रेंगाळतो. दादऱ्याच्या हिशेबाने मोजाल तर धून सपाट होईल.

आता बौरान. बकऱ्याच्या कातड्याचा डफ, १४ ते १८ इंचांचा, डाव्या मांडीवर उभा. काडी पेन्सिलीसारखी धरायची आणि हातावरचं पाणी झटकतो तसं मनगट फिरवायचं. खांदा हलला तर चुकलं. नवशिक्याचा वर जाणारा ठोका नेहमी कच्चा असतो, म्हणून काही दिवस जोर मुद्दाम त्याच्यावरच द्या. डावा हात आतून कातड्यावर. डग्ग्यावर तळव्याचा दाब देऊन घुमारा वर-खाली करता ना? तेच इथे मागच्या बाजूने.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात कातडं ढिलं पडणार. स्क्रूवाला घ्या, समोरासमोरचे स्क्रू पाव-पाव फेरा आवळा आणि वाजवून झाल्यावर पुन्हा सैल करा. हलगीसारखा जाळावर शेकू नका, चिरेल. उलट उन्हाळ्यात किंवा एसीत ताण चढतो. तेव्हा आतून ओला हात फिरवायचा.

सेशन म्हणजे तिथली एकत्र बसून वाजवायची बैठक. त्यात बौरान शिरला १९६० च्या दशकात, आयरिश संगीतकार शॉन ओ रियादा यांच्या वाद्यवृंदामुळे, आणि आजही एका वेळी एकच चालतो. दुसरा कोणी आधीच वाजवत असेल तर काडी खिशात घालायची आणि व्हिसल काढायची. म्हणूनच ती आधी.