लीग का बदलली?

प्रश्न : भाची लॉस एंजेलिसला यूसीएलएत शिकते. तिचं विद्यापीठ 2024 मध्ये जुनी पॅक-12 ही विद्यापीठांच्या खेळांची लीग सोडून ‘बिग टेन’ या दुसऱ्या गटात गेलं. कशासाठी?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : टीव्हीच्या पैशासाठी, ताई. तिकडे सामने दाखवायचे हक्क गट एकत्र विकतो आणि रक्कम विद्यापीठांत वाटतो. बिग टेनने 2022 मध्ये फॉक्स, सीबीएस, एनबीसी या टीव्ही कंपन्यांशी अब्जावधी डॉलरचे करार केले. यूसीएलएचा क्रीडा विभाग तोट्यात होता. फुटबॉलच्या (त्यांचा, हातात धरून पळायचा!) कमाईवर पोहणं, व्हॉलीबॉल पोसायचं असतं. पण आता व्हॉलीबॉलच्या मुलींनाही सामन्यासाठी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, न्यू जर्सीपर्यंत विमानाने जावं लागतं. आम्ही कबड्डीला सांगलीहून एसटीने कोल्हापूरला जायचो, तर जयसिंगपूर येईपर्यंतच डबे संपलेले असायचे.