दिवाळीत जामनगरला क्रॅब प्लोव्हर दिसेल का?

प्रश्न: आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. दिवाळीच्या सुट्टीत जामनगरला जातोय, यांना क्रॅब प्लोव्हर हा किनाऱ्यावरचा पक्षी बघायचाच आहे. मागच्या वर्षी दुपारभर किनाऱ्यावर उन्हात बसलो, लांब नुसते ठिपके दिसले. काय चुकलं?

उत्तर: ताई, चुकली ती वेळ! ओहोटीला पाणी खूप मागे जातं आणि पक्षी चिखलात खेकडे शोधत पार लांब पांगतात, मग दुर्बिणीतूनसुद्धा ठिपकेच. भरती चढत असताना जा, पाणीच त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं, फक्त भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते तेव्हा टाइमटेबल बघूनच निघा. नराराच्या किनाऱ्यावर बघा, तो मरीन नॅशनल पार्कचा भाग आहे, त्यामुळे फॉरेस्टचं परमिट आधीच काढा. काळापांढरा, जाड काळी चोच, लांब निळसर पाय, एकदा दिसला की चुकायचा नाही. आणि नाहीच दिसला तर खिजडिया पक्षी अभयारण्य आहेच, बांधाच्या एका बाजूला गोडं पाणी, दुसरीकडे खारं, रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलंय. मला तर खरं तेच जास्त आवडतं. भाकरवडी गाडीतच खा हं, तिथे कचरा नको.